पाणी कुठे मुरतंय?

जुलैच्या मध्यावर भिंतीला टेकलेलं एखादं लाकडी कपाट हातभर पुढे ओढून पाहा. प्लायच्या पाठीवर राखाडी-हिरवे गोल उमटलेले असतात. काही रुपयाएवढे, काही बशीएवढे, काही एकमेकांत शिरलेले. प्रत्येक गोलाच्या कडेला पांढरी बारीक लव आणि मधोमध पूड. मागच्या भिंतीवर कपाटाच्या मापाची एक काळपट चौकट, आणि त्या चौकटीच्या बाहेर, दोन वितींवर, भिंत ठणठणीत. समोरची भिंत तर नव्यासारखी.

अशा वेळी हात आपोआप फडक्याकडे जातो. फडकं, ब्लीच, उदबत्ती, पंखा. दहा दिवसांनी गोल पुन्हा त्याच जागी, त्याच मापाचे. फडक्याने गोल पुसला जातो, तो तिथेच का आला हे तसंच राहतं. कुणाच्या व्यवहाराचा संशय आला की आपण विचारतो, 'पाणी कुठे मुरतंय?' बुरशीच्या बाबतीत ही म्हण राहत नाही. शब्दशः हाच प्रश्न असतो आणि जवळजवळ सगळं उत्तर त्यातच असतं.

बुरशीला लागतं काय? बीजाणू, अन्न, ऊब आणि पाणी. बीजाणू बहुतेक २ ते १० मायक्रॉनचे, हवेत सगळीकडे, तुमच्या-आमच्या नाकातसुद्धा. त्यांना घराबाहेर ठेवणं अशक्य. अन्न म्हणाल तर बुरशी सिमेंट खात नाही. ती रंगातला चिकटा, प्लायचा सरस, वॉलपेपरची खळ, जिप्सम बोर्डावरचा कागद आणि या सगळ्यावर बसलेली धूळ खाते. उरली ऊब. आपल्याला जी हवा बरी वाटते तीच तिलाही मानवते. म्हणजे घरमालकाच्या हातात राहतं ते फक्त पाणी. त्यातही भिंत ओलीचिंब असावी लागते असं नाही. पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावेल तेवढ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेली वाफ, ८० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की पुरतं. हाताला भिंत कोरडी लागते आणि बुरशी मजेत वाढत असते. भिजलेली वस्तू मात्र २४ ते ४८ तासांत वाळली तर बहुधा वाचते. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१७२९ मध्ये मिकेली नावाच्या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने या लवेकडे भिंगातून पाहिलं. दांडा, त्यावर गोंडा, गोंड्यावर मण्यांच्या माळा. त्याला चर्चमध्ये तीर्थ शिंपडायच्या दांडीची आठवण झाली आणि त्यावरून त्याने ॲस्परजिलस हे नाव दिलं. मोबाइलच्या कॅमेऱ्याला दहा-वीस पट मोठं करणारं भिंग लावून कपाटामागचा गोल पाहा, बऱ्याचदा तसाच गोंडा दिसतो. फक्त मास्क लावून पाहा. कोरडा गोल नुसत्या श्वासाने उडतो, आणि शिंपडणं हाच त्या गोंड्याचा उद्योग आहे.

घरात पाणी चार वाटांनी येतं. पावसाचं, नळाचं, जमिनीचं आणि हवेचं. प्रत्येकाची खूण वेगळी, ऋतू वेगळा, इलाज वेगळा. गोंधळ होतो तो एकाचा इलाज दुसऱ्यावर केल्याने. हवेच्या पाण्यासाठी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेणारे आणि गच्चीच्या गळतीवर आतून डॅम्पप्रूफ रंग मारणारे, दोघांचेही पैसे सारखेच पाण्यात जातात.

पावसाचं पाणी ओळखायला सोपं. पहिल्या मोठ्या सरीनंतर दोन-चार दिवसांत डाग दिसतो, उघडीप पडली की फिका होतो. आपल्याकडे मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत आधी ओल धरते. डाग खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका उतरत असेल तर खिडकीची चौकट आणि भिंत यांच्या मधला सांधा पाहा. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला पाणी जायला छोटी भोकं असतात. धूळ आणि मेलेले डास यांनी ती बुजली की पट्टीत तळं साचतं आणि वाऱ्याच्या झोतासरशी पाणी आत उतरतं. मे महिन्यात एक जुनी टूथब्रश आणि टाचणी घेऊन ही भोकं मोकळी केली तर बऱ्याच खिडक्यांची गळती तिथेच संपते. खिडकीचा कट्टा बाहेरच्या बाजूला उतरता हवा आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच हवी. ती नसेल तर थेंब छज्ज्याच्या पोटाखालून चालत भिंतीला येऊन भेटतो.

सगळ्यात वरच्या मजल्यावर छताला डाग असेल तर गच्ची. मुंबई-पुण्याकडच्या जुन्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा असतो, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर. त्यात पाणी एका कोपऱ्यातून शिरतं, आतल्या आत फिरतं आणि भलतीकडेच खाली टपकतं. म्हणून डागाच्या बरोबर वर खोदकाम करू नये. आधी पॅरापेट म्हणजे कठडा आणि गच्ची मिळते तिथला वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलसर सांधा, पाइप बाहेर पडतात त्या जागा आणि टाकीच्या खांबांचे पाय तपासावेत. शंका फिटत नसेल तर पाण्याच्या तोंडाला बोळा घालून गच्चीचा एकेक भाग इंचभर पाण्याने भरून २४ तास ठेवायचा आणि खाली लक्ष ठेवायचं. बाहेरच्या भिंतीतली तडही बाहेरूनच बुजवायची. 'व्ही' आकाराची खाच करून, झटकून, लवचीक भरणा घालून. आतून कितीही भारी रंग लावला तरी पाणी भिंतीत आलेलंच असतं. ते रंगाच्या मागे साठतं आणि फुगा येऊन पोपडा सुटतो.

इथे थोडं विषयांतर. कोकणातल्या जुन्या घरांना लांब पागोळ्या पडतील अशी उतरती कौलं होती, भोवती पडवी होती. झडीच्या बाजूला माडाच्या झापांचे आडोसे बांधत. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, पण पाऊस त्याच्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही ही त्यामागची अक्कल. आत चूल दिवसभर धगधगत असे. धूर त्रासाचा खराच, पण तिच्या कोरड्या उष्णतेने माळा आणि भिंती वाळत. भिंतीला चुना असे, आणि ताज्या चुन्याच्या अल्कलीत बुरशीला रुजणं अवघड. आता त्याच पावसात आपण छज्जे नसलेल्या, काचेच्या सपाट तोंडाच्या इमारती उभारतो. चित्रात त्या देखण्या दिसतात आणि जूनमध्ये गळतात. यात बिचाऱ्या बुरशीचा काय दोष?

नळाच्या पाण्याला ऋतू नसतो. डाग एप्रिलमध्येही ओला असेल तर पाऊस सोडून पाइप शोधा. सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा पाहा. घरात थेंब वापरला नसताना आकडा सरकला तर भिंतीतला दाबाचा पाइप गळतोय. आकडा जागच्या जागी आहे आणि तरी खालच्या घरात ओल आहे, तर संशय सांडपाण्यावर किंवा बाथरूमच्या फरशीवर. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरचं पाणी जायच्या जाळीखालच्या तोंडात, बोळा घाला, फरशीवर इंचभर पाणी साठवा, २४ तास थांबा. पाण्यात खायचा लाल रंग घातला की खाली उतरलेलं पाणी वरचंच का, याचा वादही मिटतो. वरचे-खालचे यांच्या भांडणात एक गोष्ट दोन्हीकडच्यांना माहीत नसते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची गळती, गच्ची आणि सामाईक पाइप हा संस्थेचा खर्च. आपल्या घरातल्या मोरी-संडासातून होणारी गळती ज्याची त्याने निस्तरायची.

सिंकखालचं कपाट ही नळाच्या पाण्याची आवडती जागा. तिथला वेस्ट पाइप बहुतेक घरात नुसता खोचलेला असतो. महिन्यातून एकदा सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली कोरडा टिश्यू धरा. सांधा किती पाण्याचा आहे ते कळतं. आतला तळ पार्टिकल बोर्डचा असेल तर तो एकदाच भिजला तरी फुगतो आणि पुन्हा बसत नाही. बदलणं हाच उपाय.

जमिनीचं पाणी तळमजल्याला. ते विटांमधून वर चढतं, साधारण तीन फुटांपर्यंत, आणि जिथे थांबतं तिथे आडवी वेडीवाकडी रेघ काढतं. रेघेवर पांढरं पीठ दिसतं. त्याला बुरशी समजून लोक घाबरतात, पण तो लोणा असतो, विटांतून आलेला क्षार. चिमटीत धरून चुरा. मिठासारखा कुरकुरला आणि पाण्याच्या थेंबात विरघळला तर लोणा. बोटाला काजळासारखी फासली गेली तर बुरशी. खारट भिंतीवर बुरशी सहसा धरतही नाही. इथे पायाच्या वर ओल तोडणारा थर, ज्याला मिस्त्री डीपीसी म्हणतात, तो नसतो किंवा नंतर बाहेरची जमीन भर घालून त्याच्याही वर आलेली असते. दुसरं कारण असेल तर आधी ती भर उतरवा. भिंतीत ओल रोखणाऱ्या रसायनाची इंजेक्शनं वगैरे त्यानंतर.

आता चौथं पाणी, आणि खरा घोळ इथेच आहे, कारण ते दिसत नाही.

दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली घ्या. पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना तिच्यातल्या सगळ्या हवेत वाफेच्या रूपात जेमतेम पाऊण लिटर पाणी असतं. आता त्या खोलीत मशीनमधून काढलेले कपडे दोरीवर टाका. चांगलं पिळून निघालेले चार किलो कपडे दोनेक लिटर पाणी धरून असतात. ते सगळं कुठे जाणार? दोन माणसं आठ तास झोपली की श्वास आणि घाम मिळून अर्ध्या लिटरच्या वर पाणी हवेत सोडतात. आणि स्वयंपाकाचा गॅस! एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. १४.२ किलोचा सिलिंडर संपला म्हणजे स्वयंपाकघराच्या हवेत २२ लिटर पाणी ओतलं गेलं, आणि त्यात भाताची, डाळीची वाफ धरलेली नाही. चिमणी किंवा एक्झॉस्ट लावायचा तो वासासाठी नव्हे, या बादलीभर पाण्यासाठी.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा. हा सल्ला थंड देशातून आलाय आणि तिथे तो बरोबर आहे. लंडनजवळ स्लाउमध्ये जानेवारीत बाहेर ५ अंश असतात. ती हवा ९० टक्के दमट असली तरी आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ३५ टक्क्यांवर येते. तिथे खिडकी उघडणं म्हणजे कोरडी हवा फुकट घेणं. तिथल्या घरात हीटरवर कपडे वाळवून, थंडी वाजते म्हणून खिडकीवरच्या झरोक्याच्या पट्ट्या बंद केल्या की आठवड्यात कोपरे काळे. रत्नागिरीत किंवा पणजीत जुलैमध्ये उलटं. बाहेरचीच हवा ८५-९० टक्के. खिडकी उघडली की पाणी आत येतं. म्हणून आपल्याकडे नियम असा: झड चालू असताना खिडक्या बंद, उघडीप पडून ऊन आलं की सताड उघड्या. स्वयंपाक आणि अंघोळीची वाफ मात्र पंख्याने ताबडतोब बाहेर काढायची, कारण ती ढगाहूनही ओली. एक्झॉस्ट अंघोळीनंतर वीस मिनिटं चालू ठेवा आणि बाथरूमच्या दाराखाली बोटभर फट असू द्या. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता घुरघुरतो. भिंतीवरचं पाणी वायपरने ओढून टाकलं तर पंख्याचं अर्धं काम वाचतं.

न्यू जर्सीच्या मराठी घरांत तळघराचा किस्सा आपल्यासारखाच असतो. उन्हाळ्यातली दमट हवा थंड तळघरात उतरते आणि तिथेच पाणी सोडते. 'हवा खेळू दे' म्हणून खिडक्या उघडल्या की कार्पेट कुबट.

आपल्याकडे या खेळात एसीने नवा डाव मांडलाय. एका बेडरूममध्ये रात्रभर २२ अंशांवर एसी. भिंतीपलीकडच्या खोलीत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता. या हवेचा दवबिंदू साधारण २६ अंश, म्हणजे २६ अंशांच्या कुठल्याही वस्तूवर तिचं पाणी सुटतं. मधली चार इंची भिंत पलीकडच्या अंगाने २७-२८ अंशांपर्यंत उतरते. २८ला तिला चिकटलेल्या हवेची आर्द्रता ९० टक्के, २७ला ९५. थेंब एकही दिसत नाही, पण बुरशीला लागणाऱ्या ८० टक्क्यांची रेघ केव्हाच ओलांडलेली. त्यात या अंगाला कपाट टेकवलं की खोलीची ऊब भिंतीपर्यंत पोचत नाही. भिंत २६च्या खाली जाते आणि कपाटामागे खरोखर दव पडतं. सुरुवातीच्या त्या चौकटीचं कोडं बऱ्याचदा हेच असतं. पाइप नाही, गच्ची नाही, भिंतीपलीकडचा गारवा. वरच्या मजल्यावरच्यांच्या एसीमुळे खालच्यांच्या छतावर बुरशी येते तीही अशीच, आणि सोसायटीच्या सभेत मात्र खोदकामाचा ठराव होतो.

इलाज स्वस्त आहे. एसी २५-२६ वर ठेवा. कपाट भिंतीपासून तीन बोटं पुढे आणि जमिनीपासून दोन इंच वर घ्या, म्हणजे मागून हवा वाहील. जमलं तर ते दुसऱ्या भिंतीला हलवा. बॉक्स बेडचंही तसंच. तो भिंतीला आणि फरशीला चिकटलेला, आत वर्षभर न उघडलेल्या गोधड्या. आतल्या कप्प्यांना मागून-पुढून दोन-दोन भोकं पाडून घ्या. सुतार कुरकुरतो, पण पाडतो.

भिंतीतलं पाणी की हवेतलं, हे कळायला एक जुनी युक्ती आहे. फूट-दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या अंगाला साठलं तर ओल आतून येतेय. खोलीच्या अंगाला, प्लास्टिकवर थेंब दिसले तर ती हवेची कृपा.

डोळ्याला न दिसणारं पाणी मोजायला डिजिटल हायग्रोमीटर घ्या. तीन-चारशे रुपयांत मिळतो. पण त्याच्या शब्दावर लगेच जाऊ नका. एका छोट्या झाकणात दोन चमचे मीठ घेऊन पाण्याचे काही थेंब टाका. मीठ ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. ते झाकण आणि मीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवरच स्थिरावते, हा मिठाचा गुणधर्म आहे. मीटर ८० दाखवत असेल तर तो पाचने चढा आहे, तेवढे वजा करून वाचा. मग तो कपाटात ठेवा, दिवाणखान्यात नको. लक्ष्य ६० टक्क्यांच्या आत. भर पावसात ६५ जमलं तरी पुष्कळ.

आर्द्रता उतरवायचे मार्ग दोनच. पाणी काढा किंवा हवा तापवा. एसीचा ड्राय मोड पाणी काढतो. खोलीच्या मानाने फार मोठा एसी घेतला तर तो पाच मिनिटांत खोली गार करून बंद पडतो आणि पाणी तसंच राहतं, म्हणून दोन टनांची हौस लहान खोलीत अंगाशी येते. डिह्युमिडिफायर चांगला, पण खोक्यावरचा लिटरचा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेचा असतो. खोली कोरडी होत गेली की तो बरंच कमी पाणी काढतो. खिडक्या लावूनच चालवायचा, नाहीतर आपण अरबी समुद्र वाळवायला घेतला असं होतं.

तापवण्याचा मार्ग आपल्या आज्यांना माहीत होता. कपाटात १५ वॅटचा पिवळा बल्ब. आतली हवा २८वरून ३१ अंशांवर गेली की तेवढ्याच वाफेची आर्द्रता ८५वरून ७२ टक्क्यांच्या आसपास येते. तीन अंशांत बुरशीचा मुक्काम हलतो. आताच्या एलईडी दिव्याने हे होत नाही, तो तापतच नाही. बल्ब लावाल तर भोवती जाळी हवी, कपडे त्याला टेकता कामा नयेत.

कापूर आणि डांबरगोळ्या यांच्याबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. त्या वास देतात, पाणी शोषत नाहीत. कुबट वास झाकला जातो आणि आपण निश्चिंत होतो, एवढाच परिणाम. सिलिका जेल शोषतं. निळे दाणे गुलाबी झाले किंवा केशरी हिरवे झाले की ते भरले. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास ठेवले की पुन्हा ताजे. लटकवायच्या पिशव्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं, त्यांच्या तळाशी जमणारं पाणी खारं असतं. ते चामड्यावर किंवा लोखंडावर सांडलं तर बुरशीपेक्षा जास्त नुकसान.

बाकीच्या जागा भरभर. फ्रंट लोड मशीनच्या दाराचं रबर, त्याची घडी उलटून पुसा आणि दार किलकिलं ठेवा. फ्रिजच्या दाराचं रबर आणि मागचा पाणी साठायचा ट्रे. एसीच्या आतला लांबट ब्लोअर, फिल्टर धुतला तरी तो काळाच असतो आणि तो काढून धुवावा लागतो. एसी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं ओल्या पायमोज्यांचा वास येत असेल तर त्याचंच ते पत्र. बाथरूमच्या फॉल्स सीलिंगची वरची बाजू. फोटोफ्रेमची पाठ. माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके. ओलं ठेवलेलं पोळपाट.

तब्येतीचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओलसर घरात दमा, खोकला, श्वसनाच्या तक्रारी आणि ॲलर्जी जास्त दिसतात हे त्यात ठामपणे आहे. पण हवेत किती बुरशी चालेल याचा आकडा त्यात नाही, कारण तसा सुरक्षित आकडा ठरवता येत नाही. म्हणून हवेचे नमुने घेऊन अहवाल देणाऱ्यांना पैसे देण्यापेक्षा प्लंबरला द्यावेत. रंगावरूनही काही ठरत नाही. २०२१ मध्ये 'काळी बुरशी' या शब्दाने इतकी भीती घातली की भिंतीवरचा काळा ठिपका म्हणजे म्युकर, असं अजून वाटतं. म्युकरची वाढ स्वतः पांढरट-राखाडी असते, काळं पडतं ते मेलेलं ऊतक. आणि तो आजार झाला तो मुख्यतः मधुमेह हाताबाहेर गेलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना. घरात दम्याचं माणूस, केमोथेरपी घेणारं किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं कुणी असेल तर मात्र कुठल्याही रंगाची बुरशी गंभीरपणे घ्या आणि साफसफाईच्या वेळी त्यांना त्या घरात थांबवू नका.

साफसफाई पाणी थांबवल्यावरच. तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरी निघतो. त्याहून मोठा असेल किंवा बोर्ड आतून सडला असेल तर माणसं बोलवा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. पंखा बंद. कोरडा ब्रश अजिबात नको. आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारून डाग भिजवा, मग कडेकडून मध्याकडे घासा, फडकं दर वेळी नवीन घडीने, शेवटी पिशवीत बांधून बाहेर. टाइल आणि काचेवर ब्लीच चालतं, लिटरभर पाण्यात साधारण ६० मिली, दहा मिनिटं ठेवून धुवायचं. प्लास्टरवर आणि लाकडावर त्याचा उपयोग थोडाच. रंग उडतो, डाग गेल्यासारखा वाटतो, पाणी मात्र आत मुरतं आणि मुळं तशीच राहतात. लाकूड साबणाने पुसून वाळवा, मग लिटरभर कोमट पाण्यात ४०-५० ग्रॅम टाकणखार विरघळवून त्याचा हात द्या आणि न धुता वाळू द्या. जिथे अन्न ठेवता किंवा लहान मुलांचे हात पोचतात तिथे टाकणखार नको. व्हिनेगर काही बुरशींवर चालतो, सगळ्यांवर नाही, आणि कडप्पा, शहाबाद, संगमरवर यांना तो खातो.

एक गोष्ट ठळक शाईत लिहावी अशी. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका. बाथरूम बंद असतं, आपण वाकलेले असतो, आणि त्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. व्हिनेगर आणि ब्लीचचंही तेच.

पूर आला तर हिशेब वेगळा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २२ जुलै २०२१ला चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्यात बुडालं. अशा घरात पाणी ओसरल्याच्या क्षणापासून ४८ तासांचं घड्याळ सुरू होतं. वीज तपासून घेईपर्यंत बटणाला हात नको. पुराचं पाणी म्हणजे गटाराचं पाणी, म्हणून गाद्या, उशा, पार्टिकल बोर्डचं फर्निचर यांचा मोह सोडायचा. चिखल ओला असतानाच धुवायचा, वाळला की त्याची धूळ होते. भरीव सागवान सावलीत सावकाश वाळवलं तर वाचतं. कागदपत्रं एकदम वाळवणं शक्य नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी थांबते, मग सवडीने थोडे थोडे काढून वाळवता येतात. गुळगुळीत कागदाची पानं मात्र चिकटली की सुटत नाहीत, ती आधी हाताळा.

चामड्याच्या चपला, पट्टे आणि पाकिटांना पाणी आणि सर्जिकल स्पिरिट निम्मं-निम्मं घेऊन फडक्याने पुसा, आधी आतल्या बाजूला करून पाहा. सावलीत वाळवा, मग पॉलिश. कोल्हापुरीला थेट ऊन दाखवलं तर तळ वाकतो. कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी लागली की ती काचेवरचा लेप खाते आणि तो भरून येत नाही. भिंगं हवाबंद डब्यात ४०-५० टक्के आर्द्रतेत ठेवावीत. चामड्याच्या केसमध्ये ठेवणं म्हणजे बुरशीला जेवणासकट घर देणं.

राहता राहिला रंग. दसरा-दिवाळीच्या आत घर रंगवून हवं म्हणून सप्टेंबरअखेर रंगारी येतो, पोपडे खरवडतो, लांबी म्हणजे पुट्टी भरतो, दोन हात मारतो. आतली भिंत तेव्हा अजून ओली असते. वर प्लास्टिक इमल्शनचा पडदा बसला की ते पाणी आतच कोंडतं आणि पुढच्या जूनची वाटही पाहत नाही. ऑक्टोबरचं ऊन भिंतीला पुरतं खाऊ द्या. मग तो प्लास्टिकचा तुकडा पुन्हा दोन दिवस चिकटवून पाहा आणि मागे दव नसेल तरच रंगाऱ्याला बोलवा. दिवाळी गेली तर जाऊ दे, डिसेंबरात रंगवा. कपाट जागेवर सरकवण्याआधी जिथे डाग होता त्याची कड भिंतीवर पेन्सिलने आखून शेजारी तारीख टाकून ठेवा, आणि पुढच्या जुलैत ते पुन्हा हातभर ओढून पाहा.